ती टॅबलेट, तो टॅबलेट

ता. ३ मार्च

तीर्थरूप मोठी मावशीस,

साष्टांग नमस्कार. (वाकायला वेळ नाही, उभ्यानंच धरून घे.)

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोन माझा आहे हे फक्त बिल आलं की कळतं. एरवी तो छोटीच्या ताब्यात असतो. परवा तुझा फोन तिनंच उचलला, ‘आई मेली’ असं सांगितलं आणि ठेवून दिला. मी अंघोळीला गेले होते. चार वर्षांच्या माणसाला तेवढं लांब वाक्य बोलायचा कंटाळा येतो. तिच्या भाषेत जे समोर नाही ते मेलं. तेव्हा आपलं पत्रच बरं. ते ती उचलत नाही, आणि हल्ली खातही नाही.

तू लिहितेस की दोन वर्षं झाली, तोंड दाखवलं नाहीस. कुठल्या तोंडानं दाखवू? मागच्या वेळी गाडीत काय झालं ते तुला अर्धंच सांगितलं होतं. समोरच्या बाकावरचे गृहस्थ कवळी पेल्यात ठेवून डुलकी काढत होते. तुझ्या लाडक्या नातीनं ती उचलली आणि खिडकीतून टाकली. माणसाला जाग आली तेव्हा त्याचे दात तीन स्टेशनं मागे होते. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते हे सांगितल्यावर तर आख्खा डबा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच धंदा वाढावा म्हणून पोरीला शिकवून आणलंय. त्यांना नवी कवळी करून दिली, फुकट, आणि त्या दिवशी शपथ घेतली की हिला घेऊन पुन्हा गाडीत पाय ठेवणार नाही.

पण तुझी आठवण येते गं. म्हणून आता ठरवलंय. प्रवासात छोटीला टॅबलेट द्यायची. लॅबमधल्या सगळ्याजणी देतात. एकदा दिली की पोर हूं की चूं करत नाही म्हणे. तोंड उघडं, डोळे अर्धवट, जिथं ठेवू तिथं बसून राहतं. फक्त कितीची घ्यावी ते कळत नाही. दुकानदार म्हणतो, एवढ्या लहान पोरीला आठाची पुरे. हिचा बाबा म्हणतो, घ्यायचीच तर सरळ दहाची घे. तू सांगशील तसं करते.

तुझी,
ठमी


ता. ८ मार्च

ठमे,

आशीर्वाद राखून ठेवलेत. वागणूक सुधारली की पाठवीन.

पत्र वाचून मी खाली बसले. उभा जन्म मी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढला, गोळ्या मोजून मोजून बोटांची सालं गेली, पण धडधाकट लेकराला गप्प बसवायला टॅबलेट देणारी आई मी पाहिली नव्हती. ती माझ्याच घरात निघावी! आठाची की दहाची म्हणे! अगं, मी बाप्यामाणसाला पाचाची देताना दोनदा चिठ्ठी वाचत असे. आणि हा दुकानदार कोण? चिठ्ठीशिवाय देतो? त्याचा पत्ता कळव, बघतेच त्याच्याकडे. तुझ्या नवऱ्यालाही सांग, लिफ्ट दुरुस्त करतोस ना, मग लिफ्टच दुरुस्त कर.

‘तोंड उघडं, डोळे अर्धवट’ असं तू कौतुकानं लिहितेस. मूर्ख मुली, ही लक्षणं आहेत!

तुझं पत्र मी आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ते फक्त वाईट बातमीलाच चष्मा पुसतात.

यायचं नसेल तर येऊ नका. मी एकटी आहे, पण मरत नाही. मात्र माझ्याकडे ते लेकरू गाठोडं करून आणायचं नाही. मला ते जागं हवंय. रडू दे, चावू दे, डब्यातल्या सगळ्यांच्या कवळ्या फेकू दे. दोन वर्षांत मी त्याचा नुसता आवाज ऐकलाय, आणि तोही ‘आई मेली’ एवढाच.

मोठी


ता. १२ मार्च

ती. मोठीस,

नमस्कार, नमस्कार, आणि डॉक्टरांनाही नमस्कार. त्यांना म्हणावं, चष्मा घाला.

तुझं पत्र मी लॅबमध्ये वाचलं. मेणात दात बसवत होते. एवढी हसले की समोरच्या दोन दाढा उलट्या बसल्या.

अगं, टॅबलेट म्हणजे गोळी नव्हे! पाटीएवढं काचेचं यंत्र असतं ते. त्यावर चित्रं, गाणी, खेळ. आठाचा म्हणजे आठ इंचांचा. चूक माझीच. आमच्याकडे कवळ्या धुवायच्या टॅबलेट येतात, पाण्यात टाकल्या की फसफसणाऱ्या. दिवसभर ‘ती टॅबलेट कुठाय, ती टॅबलेट संपली’ चालतं, त्यामुळे हातून ‘ती’ गेली. गिळायची असली तर ती टॅबलेट आणि खेळायचा असला तर तो टॅबलेट. एवढ्याशा ‘ती’वरून तू मला विष घालणारी बाई ठरवून मोकळी झालीस! साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

आता शांतपणे सांग. दुकानात चार वस्तू बघून आलेय. एक हा टॅबलेट. दुसरा डीव्हीडी प्लेयर, वहीसारखा उघडतो. तिसरा दोन हातांत धरायचा गेम. आणि चौथा गोष्टी सांगणारा डबा, वर लाकडी प्राणी ठेवला की त्या प्राण्याची गोष्ट लागते. हिच्या बाबाला चारही हवेत, स्वतःसाठी.

आणि एक. एवढी चिडलीस, तर बीपी शेवटचं कधी बघितलंस?

ठमी


ता. १७ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. मागचे धरून दुप्पट.

डॉक्टरांना खुलासा सांगितला. म्हणाले, ‘मला वाटलंच होतं.’ काही वाटलं नव्हतं त्यांना.

मी आणि शेजारीण, ती शिवणकाम करते ना, ती, दोघी बसलो आणि तुझ्या चार वस्तूंचा निकाल लावला. प्लेयर नको. त्यात तबकडी असते आणि तुझी पोर तबकडीला बिस्किट समजेल. तो दोन हातांचा गेम तर अजिबात नको. हरलं की ते पोर तो फेकणार, आणि समोर पुन्हा कुणीतरी गृहस्थ असणारच. गोष्टींचा डबा मला आवडला होता, पण शेजारणीनं विचारलं, प्राणी किती? लाकडी प्राणी गाडीत सीटखाली जाणार, तू ओणवी होऊन हत्ती शोधणार, तोवर इकडे कुणाचे तरी दात जाणार. तेव्हा तुझा ‘तो’च घे. मात्र त्याला जाड रबरी कव्हर घाल. कानावर लहान मुलांचे हेडफोन घाल, आवाज कमी ठेवणारे. गाणी-खेळ आधीच भरून घे, गाडीत नेट मिळत नाही असं शेजारीण म्हणते. आणि तो गाडीत बसल्याशिवाय उघडायचा नाही. नवं ते नवंच असताना लागू पडतं.

औषध काय आणि यंत्र काय, मात्रा महत्त्वाची. अर्धा तास द्यायचा, मग काढून घ्यायचा. डोळ्यांना विश्रांती, खिडकीबाहेर बघणं, मग पुन्हा अर्धा तास. जास्त झालं की व्यसन लागतं. ही बाई काय सांगते ते लिहून ठेव.

बीपीबद्दल मी बोलत नाही. जन्मभर लोकांच्या दंडांना पट्टे बांधले, आता माझ्या दंडाला कुणी बांधायचा नाही. ते मोजलं की वाढतं. कुणी मशीन पाठवलंच तर आल्या पावली परत जाईल. मुलीनं मावशीला तपासायचं नसतं, भेटायचं असतं.

तुझी मोठी


ता. २५ मार्च

ती. मोठीस,

सा. न.

झाली एकदाची खरेदी. आठाचाच घेतला. तू सांगितलंस तसं सगळं: रबरी कव्हर, त्यावर बदकं, लहान मुलांचे हेडफोन, खेळ आणि गाणी दुकानदारानंच भरून दिली. छोटी सोबत होती म्हणून मी वस्तू नीट बघितलीसुद्धा नाही, नाहीतर तिथंच दुकानाचा निकाल लागला असता. तिला बाहेर वजनकाट्यावर उभं केलं आणि कागदात बांधून द्यायला सांगितलं.

तुझ्यासाठीही एक मशीन पाठवलंय. काय ते लिहीत नाही, लिहिलं तर तू न उघडताच परत करशील. मुकाट्यानं उघड आणि वापर. सकाळ-संध्याकाळ, शांत बसून. माझी शपथ आहे. आणि आकडा पत्रात कळवत जा.

दुकानदार जरा विसराळू आहे, म्हणून त्याला चिठ्ठीच लिहून दिली: ‘मोठी कुरियरनं. छोटी घरी.’ एवढं स्पष्ट लिहिल्यावर घोटाळ्याला जागाच नाही. संध्याकाळी घरची पेटी आली, ती कपाटावर ठेवलीय. एवढीशी पेटी, आणि केवढा भार टाकलाय मी तिच्यावर!

पण मोठे, खरं सांगू? माझा धीर सुटत चाललाय. काल सराव म्हणून हिला बसनं बाजारात नेलं. दर थांब्याला हिनं घंटी वाजवली. मधल्या रस्त्यात दोनदा वाजवली. कंडक्टरनं विचारलं, ‘कुठं उतरायचंय?’ ही म्हणाली, ‘तुम्ही उतरा.’ आम्हीच उतरलो. अर्ध्या तासाच्या बसला ही गत, तर दिवसभराच्या गाडीत काय होईल? लॅबमध्ये कामही साचलंय. तेव्हा एप्रिलचं जमेलसं वाटत नाही. पावसाळ्यानंतर बघू. रागावू नकोस.

ठमी


ता. ३० मार्च

चि. ठमीस,

अ. आ.

पावसाळ्यानंतर बघू, असं तू मागच्या वर्षीही म्हणालीस. तो पावसाळा अजून संपायचाय वाटतं.

मशीन मिळालं. उघडलं आणि तुझा राग आला, मग प्रेम आलं. हे असलं मला कशाला गं? पण शपथ घातलीस म्हणून हात लावला. बटण कसं दाबायचं ते शेजारणीनं दाखवलं. आता तू म्हणालीस तसं सकाळ-संध्याकाळ शांत बसते. फुगा हळूहळू फुगतो, तोवर श्वास धरून बसायचं. एकदा का तो सुटला की कसं हलकं वाटतं! छातीत थोडं धडधडतं, पण ते होणारच, नाही का?

आकडे कळव म्हणालीस. पहिल्या दिवशी एकशे दहा. परवा एकशे तीस. काल एकशे पंचावन्न! शेजारीण म्हणते, सवय झाली की आणखी वर जातील. ती स्वतः मात्र शंभरावरच अडकलीय बिचारी.

एवढं छान काही तू मला आजवर पाठवलं नव्हतंस. घर रिकामं वाटत नाही.

छोटीला पापा. ते पोर तिकडे वाढतंय आणि मी इकडे आकडे वाढवतेय.

मोठी


ता. ३ एप्रिल

मोठे,

नमस्कार राहू दे. एकशे पंचावन्न म्हणजे काय ‘छान’? तुला आनंद कसला होतोय? तू कंपाउंडर होतीस ना?

मीठ आजपासून निम्मं कर. लोणचं बंद. जिने चढू नकोस. मशीनवर सारखी बसू नकोस, पुन्हा पुन्हा केलं की आकडा चढतो. आणि छाती धडधडते तर धडधडू दे म्हणून सोडून कशी देतेस? उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. ते काय म्हणाले ते अक्षरशः लिही. शेजारणीचे शंभर आहेत तर तिचं बघून शीक काहीतरी!

दोन रात्री मला झोप नाही. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

ठमी


ता. ७ एप्रिल

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद.

कालच डॉक्टरांकडे गेले, मशीन घेऊन. तू सांगितलंस तसं त्यांचं बोलणं अक्षरशः लिहिते. म्हणाले, ‘बाई, या वयात एवढे? कमाल आहे!’ मग म्हणाले, ‘मला द्या बघू.’ त्यांचे नव्वदच आले. बिचारे फार खट्टू झाले. पुन्हा करतो म्हणाले. बाहेर पेशंट बसले होते, तरी तीनदा केलं, पण नव्वदच्या वर काही जाईनात.

माझे आज सकाळी एकशे ऐंशी. रविवारपर्यंत दोनशे होतील अशी पैज आहे माझी आणि शेजारणीची.

मीठ निम्मं केलंय. जिने चढत नाही, कारण उठतच नाही.

तू काही काळजी करू नकोस. काम साचलंय ना तुझं? आधी लोकांचे दात. मावशी काय, पावसाळ्यानंतरही असेल. असली तर.

मोठी


ता. १२ एप्रिल, गाडीतून

मोठे,

हे पत्र टपालात पडणार नाही. रात्री तुझ्या हातात देईन आणि तू वाचत असताना तुझं तोंड बघेन.

तुझं ‘असली तर’ वाचलं. छोटीला बिस्किटांचा अख्खा पुडा देऊन फोन सोडवला. तुझा लागेना, म्हणून शेजारणीला केला. ती म्हणाली, ‘त्या मशीनवर बसल्यात हो. हाक मारली तर ओ देत नाहीत. डोळे लालबुंद झालेत. दोनशेला टेकल्या!’ आणि मागून टाळ्यांचा आवाज आला. मला वाटलं, फोनमध्ये बिघाड आहे. लॅबच्या मालकाला जाऊन नुसतं ‘मावशी, दोनशे’ एवढंच म्हटलं. त्यानं माझ्या हातातलं मेण काढून घेतलं आणि म्हणाला, ‘अहो, उभ्या काय? निघा!’ हिचा बाबा कुठल्याशा लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काढत होता. त्याला चिठ्ठी ठेवली, कपाटावरची पेटी घेतली, पोरगी काखेत मारली आणि पहिल्या गाडीत बसले. आजवर दोन वर्षं जमलं नाही ते अर्ध्या दिवसात जमलं.

गाडी सुटली. छोटीनं आजूबाजूला बघितलं. कोपऱ्यातल्या आजोबांच्या तोंडाकडे जरा जास्तच बघितलं. मी देवाचं नाव घेऊन पेटी उघडली.

आत बीपीचं मशीन!

पट्टा, नळी, सेल, सगळं. मी तशीच बघत राहिले. मग डोक्यात एकेक दिवा लागला. फुगा. श्वास धरून बसणं. शेजारीण शंभरावर अडकली. डॉक्टर खट्टू झाले. मोठे, तू काय बीपी मोजत होतीस? तू फुगे फोडत होतीस! माझ्या पोरीच्या टॅबलेटवर! आणि इकडे मी तुझं मीठ तोडलं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, तुमच्या चिठ्ठीप्रमाणेच केलं की. मोठी पेटी कुरियरनं, छोटी घरी.’ कव्हर, हेडफोन घालून टॅबलेटची पेटी मोठी झाली होती ना! आपल्या घरात मोठी म्हणजे तू आणि छोटी म्हणजे ही, हे त्या बापड्याला कुणी सांगितलं होतं?

रडावं की हसावं कळेना. तू धडधाकट आहेस म्हणून रडूच आलं आधी. ते पुसतेय तोवर छोटीनं पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळून बटण दाबलं होतं. फुर्रर्र करून तो फुगायला लागला तशी तिचे डोळे एवढे मोठे झाले. मी तिला एकच वाक्य सांगितलं: ‘हे चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो.’

मोठे, ते वाक्य मला चार वर्षांपूर्वी का सुचलं नाही!

ती आता डबाभर फिरतेय. ‘हात द्या. बोलू नका. श्वास घ्या, थोडाच.’ पट्टा फुगतो तोवर ती ओठांवर बोट ठेवून उभी राहते. आणि तिला बघून आजूबाजूचे सगळे गप्प. एक जाड्या काकू पत्ते खेळत होत्या, त्यांना पत्ते खाली ठेवायला लावले. तिकीट तपासनीस आला, त्यालाही बसवलं. त्याचा आकडा जास्त आला तेव्हा ही म्हणाली, ‘तुम्ही ओरडता का लोकांना?’ तो म्हणाला, ‘हो गं, तेच काम आहे माझं.’ मधे सेल संपले, तर त्यानंच आपल्या बॅटरीतले काढून दिले. एक तरुण हात हलवत राहिला, मशीननं एरर दाखवलं. ‘तुम्ही मेलात,’ असं सांगून ही पुढच्या बाकावर गेली. खिडकीलाही पट्टा बांधून झालाय. खिडकीही मेली.

कोपऱ्यातल्या आजोबांनी स्वतःहून कवळी काढून दाखवली. हिनं हात लावला नाही. ‘मला वेळ नाही’ म्हणाली.

अर्धा तास देऊन काढून घ्या, असं तू लिहिलं होतंस. मी काढून घेणार नाही. प्रवासात माझे दोन्ही हात मोकळे असण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

आणि हो, ‘जास्त झालं की व्यसन लागतं’ हेही तूच लिहिलं होतंस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! टॅबलेट तयार ठेव. निघताना घेऊन जाणार आहे.

ठमी


ता. ६ मे

चि. ठमीस आणि चि. छोटीस,

पोटभर आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचलात हे तुझ्या नवऱ्यानं कळवलं. तो म्हणतो, येतानाही डबाभर मोजमाप झालं आणि कुणाचे दात गेले नाहीत. माझ्या मशीनची ही कामगिरी लक्षात ठेव.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीय. समोर सांगितली असती तर तू त्याच पावली निघाली असतीस, म्हणून तू घरी पोचेपर्यंत थांबले.

पेटी उघडली आणि बदकं दिसली, तेव्हाच मला शंका आली होती. पण शपथ घातली होतीस, आणि फुगे दिसायला लागल्यावर शंका मागे पडली. ते आकड्यांचं पहिलं पत्र मी खरंच भोळेपणानं लिहिलं. मग तुझं ‘मीठ निम्मं कर’ आलं. ठमे, ज्या बाईनं जन्मभर लोकांची बीपी लिहून घेतली, तिला दीडशे आणि मीठ एकत्र दिसल्यावर कळायला किती वेळ लागतो? पत्र अर्धं वाचेपर्यंत सगळा घोटाळा माझ्यासमोर उभा होता. बदकांचा टॅबलेट छोटीचा, आणि कपाटावर माझा पट्टा. खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? तू हसली असतीस, टॅबलेट परत मागवला असतास, आणि पावसाळ्यानंतर बघू म्हणाली असतीस. म्हणून एकशे ऐंशी लिहिले. तेवढे आलेही होते, खोटं नाही. फक्त कसले ते लिहिलं नाही. शेजारणीला मी आधीच पढवून ठेवलं होतं. टाळ्या मात्र तिच्या मनच्या, त्या सांगितल्या नव्हत्या.

तू दोन रात्री झोपली नाहीस, त्याचं वाईट वाटतं. थोडं. मी दोन वर्षं वाट बघितली, ते त्यातून वजा कर.

तुम्ही आलात तेव्हा छोटीनं पायातले बूटही न काढता माझ्या दंडाला पट्टा बांधला, आठवतं? मी जन्मात कुणाला बांधू दिला नव्हता. एकशे बेचाळीस निघाले. मी म्हटलं, प्रवासानं हललं असेल मशीन. पण ते पोर रोज सकाळी माझ्या उशाशी पट्टा घेऊन हजर. रोज एकशे चाळीसच्या वरच. शेवटी डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिलीच. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला, पण मला वाटतं तो खरंच धुरकट होता.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं शेवटचं मोजलं. एकशे साठ. तू सामान बांधत होतीस, तुला सांगितलं नाही. तिनं मला विचारलं, ‘मोठी, तू बिघडलीस?’ मी म्हटलं, हो. मग ती बराच वेळ पट्टा न सोडताच माझ्या मांडीवर बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. आकडा चुकू नये म्हणून.

तर सध्याचा हालहवाल असा. ती टॅबलेट रोज सकाळी पाण्याबरोबर घेते, तुझ्या शपथेखातर. तो टॅबलेट तू घेऊन गेलीस, त्यामुळे शेजारीण दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. राहिलं ते, म्हणजे ते पोर. ‘ती’वर आणि ‘तो’वर माझं भागत नाही, मला ‘ते’ लागतं. मात्रा मी स्वतःच लिहून देते: वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी निदान पंधरवडा, जेवणाआधी आणि जेवणानंतर. बाटली हलवून घ्यायची गरज नाही. ते आपोआप हलतं.

तुझी,
मोठी